कंपाउंडरने बांधलेले हात

तुकडीत त्याला सगळे कंपाउंडर म्हणत. काम कमांडोचं, हातात बंदूक इतरांसारखीच, पण पाठीवर औषधांची पिशवी जास्तीची, म्हणून हे नाव. सहा जणांत कोणाला काटा टोचला, कोणाचं पोट बिघडलं, की हाक याला. "कंपाउंडर, सुई टोचताना डोळे मिटू नकोस रे बाबा," अशी चेष्टा रोजची. तो मुकाट ऐकून घेई आणि चेष्टा करणाऱ्याला पुढची सुई जरा सावकाश टोची.

त्या पहाटे एका दुमजली घराच्या वरच्या खोलीतून यांच्यावर गोळ्या येत होत्या. यांनीही झाडल्या. खोली शांत झाल्यावर आत गेले, तर पोटात गोळी लागलेला एक माणूस जमिनीवर बेशुद्ध पडलेला, श्वास चालू. मघाशी गोळ्या झाडणारा हाच की हा नुसताच तिथे सापडलेला, ते कंपाउंडरला ठाऊक नव्हतं. जखमी तो जखमी. त्याने जखम बांधली, वर सदरा ओढला. जिना अरुंद, मध्येच वळण, स्ट्रेचर वळेना. मग उचलूनच न्यायचं ठरलं. बेशुद्ध माणसाचे हात लोंबतात, कठड्यात अडकतात, म्हणून मनगटं एकत्र बांधून छातीवर ठेवतात. जखमी कसा उचलायचा हे शिकवताना पहिल्यांदा हेच शिकवतात. त्याने बांधली. वळणापर्यंत आले आणि माणूस गेला. तेवढ्यात मागच्या गल्लीतून पुन्हा गोळीबार सुरू झाला, निघायचा हुकूम आला, त्याला तिथेच पायरीवर ठेवून सगळे निघाले. हातांची पट्टी सोडायची राहून गेली.

दुसऱ्या दिवशी पायरीवरच्या त्या माणसाचा फोटो सगळीकडे. सदरा रक्ताने भिजलेला आणि हात बांधलेले. धरला, बांधला आणि गोळी घातली, दुसरं काय समजणार कोणी? तुम्हीआम्हीही तेच म्हटलं असतं. चौकशीची माणसं पोचेपर्यंत त्या बिचाऱ्याचे अंत्यसंस्कारही उरकले होते. उरला तो फोटो.

सहाही जणांची हत्यारं काढून घेतली. या प्रकरणाबद्दल एकमेकांशी बोलायचं नाही, घरी बोलायचं नाही, असा लेखी हुकूम. हाताची घडी, तोंडावर बोट. कंपाउंडरला ब्लँकेटच्या गोदामात बसवलं. जुनी ब्लँकेटं झटकायची, घडी घालायची, थरांमध्ये डांबरगोळ्या टाकायच्या. तो वास अंगाला इतका चिकटला की जेवणालाही तोच येई. जेवणाच्या रांगेत तुकडीतला त्याचा जोडीदार कधी पुढेच उभा असे. एकाच ताटात जेवलेले दोघे. तो मान न वळवता मीठ मागे सरकवी, एवढंच बोलणं. कंपाउंडरला त्याचं वाईटही वाटेना. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही, तसं त्याचं होऊन गेलं होतं. झोप येई, भूक लागे, नखं वाढत. बाकी आत काही हलत नसे.

एकच गोष्ट त्याला हवी होती. अण्णांनी विचारायला हवं होतं.

अण्णा म्हणजे त्याचे वडील. जन्मभर बसमध्ये कंडक्टरकी केलेली, त्यामुळे तोंडाला विश्रांती माहीत नाही. आई गेल्यापासून याच्याच घरी राहत. बायकोचा प्रश्न पहिल्याच दिवशी मिटला होता. "तुम्ही तसलं काही करणार नाही, मला माहितीये. आता हात धुऊन जेवायला बसा," एवढं म्हणून तिने विषयाला कडी लावली. पण अण्णा काही विचारेनात. तो सुट्टीवर आला की ते शेजाऱ्याच्या स्कूटरबद्दल बोलत, नळाला पाणी कसं कमी येतं ते सांगत, फळं कापून त्याच्यापुढे ठेवत. खिडकीजवळची स्वतःची खाट त्यांनी त्याला दिली. शेजारपाजारचं कोणी विचारपूस करायला आलं तर दारातूनच परतवत. "त्या गोष्टीवर आमच्याकडे बोलत नाहीत." चौकातल्या बाकावरची म्हाताऱ्यांची बैठकही त्यांनी सोडली होती.

विचारलं असतं, तर त्याने हुकूम मोडून उत्तर दिलं असतं. ओठांवर तयार होतं. न विचारता कसं सांगणार? कोणी न विचारताच 'मी केलं नाही' म्हणणारा माणूस आणि 'मी हात धुतलेत' म्हणणारं पोर, दोघांवरही कोणी विश्वास ठेवत नाही. म्हणून तो अण्णांनी कापलेली फळं खाई आणि वाट बघे.

दीड वर्षाने निकाल लागला. त्यात काही नाट्य नव्हतं. चौकशी करायला बसलेल्या साहेबांमध्ये या खेपेला एक म्हातारे लष्करी डॉक्टर होते. त्यांनी फोटो मोठा करून मागवला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "मनगटांमध्ये कापूस घातलाय की. मारायला नेतात त्याला कोणी कापूस घालत नाही. हे जखमीला उचलत होते." मग त्यांनी चहा मागवला. सहाही जण निर्दोष ठरले. बाहेर व्हरांड्यात जोडीदार त्याच्याजवळ आला. आता बोलायला मोकळीक होती.

"बरा आहेस ना?" जोडीदार म्हणाला.

"आहे."

आणि दोघं आपापल्या वाटेला लागले.

दुपारी तो घरी पोचला. बायकोला निकाल फोनवर कळला होता. ती दारातच रडली, मग नाक पुसून पानं घ्यायला आत गेली. अण्णा खुर्चीत बसले होते. त्यांनी त्याला जवळ बोलावलं, शेजारी बसवलं, दोन्ही हातांत त्याचा हात धरला.

"सुटलास बाबा. आता मनाला लावून घेऊ नकोस. लढाईत माणसाच्या हातून होतं असं. मी तर तुला पहिल्याच दिवशी माफ केलं होतं."

त्याला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. मग लक्षात आलं की नीटच ऐकलंय. ती फळं, ती खाट, दारातून परतवलेली माणसं. सगळी माया खरी होती, पण ती एका खुन्यावर केलेली होती. दीड वर्षात पहिल्यांदा त्याच्या छातीत काहीतरी दुखलं.

"अण्णा, मी मारलं नव्हतं त्याला."

अण्णांनी मान डोलावली. ताप आलेल्या पोराच्या बडबडीला डोलावतात तशी.

"नाही रे बाळा," ते म्हणाले, "नाहीच मारलंस. आता तर साहेबांनीही तसंच लिहून दिलंय."

आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.