टायरच्या खोलीतल्या कंडक्टरबाई

कुठल्याही खोलीत शिरलं की आधी माणसं मोजायची, ओठ न हलवता. स्थिर जमिनीवरही पाय फाकवून उभं राहायचं. दारात कुणी घुटमळलं तर खांद्याला धरून आत सरकवायचं. हातात आलेल्या कागदाची लांबट घडी घालून ती दोन बोटांच्या बेचक्यात खोचायची. कुणी रडायला लागलं तर पाणी द्यायचं नाही, धरायला काहीतरी द्यायचं: खिडकीचा गज, खुर्चीची पाठ, नाहीतर स्वतःचा दंड. चहा उभ्यानंच प्यायचा. आणि रात्री पलंगावर आडवं व्हायचं नाही. पाठीशी दोन उशा घेऊन खुर्चीत बसल्या बसल्या झोपायचं.

या कंडक्टरबाईंच्या सवयी. शेवटची सोडली तर सगळ्या नोकरीतल्या. शेवटची दवाखान्यातली.

अख्खी नोकरी त्यांनी बसमध्ये उभ्यानं काढली. नवरा त्याच डेपोत ड्रायव्हर. "आयुष्यभर घंटा मी दिली, म्हणून यांची गाडी हलली," असं त्या चारचौघांत सांगतात. ड्रायव्हरकाका पुढे बघत मान डोलावतात. मागे वळून भांडायची त्यांना सवयच नाही.

नोकरीची शेवटची वर्षं चालू असताना डाव्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले, परत आले. डॉक्टर म्हणाले, बऱ्या झालात. बाई घरी आल्या आणि खुर्चीत बसल्या.

आमची वस्ती डेपोच्या मागे आहे. मोठा दवाखाना दोन बस बदलल्यावर येतो. त्यामुळे इथे आजार अंगावर काढायची रीत आहे, आणि आजारानंतरची भीती तर कुणी मोजतच नाही. माझी मावशी इस्त्रीचं दुकान चालवते. तिलाही हाच आजार झाला होता. उपचार संपल्यावर वर्षभर ती गरम इस्त्री हातात घेऊन मध्येच थांबायची. कपडा जळायचा. "काय झालं गं?" विचारलं तर म्हणायची, "काही नाही."

मग एका संस्थेतर्फे योगाच्या ताई यायला लागल्या. आजारातून उठलेल्या बायकांसाठी वर्ग. जागा नव्हती. डेपोनं जुन्या टायरची खोली दिली. तिथे अजूनही रबराचा वास येतो, आणि टायर ठेवायचे लोखंडी कप्पे भिंतीला तसेच आहेत. मी मावशीला पोचवायला गेले आणि कोपऱ्यात बसून राहिले. कंडक्टरबाईंनी मला पहिल्याच दिवशी विचारलं, "तू काय करतेस गं?"

"एमए केलंय. साहित्यात."

"मग आता काय करणार?"

"बघतेय."

"बघ, बघ. बसून दिसत नाही पण काही. ऊठ."

तेव्हापासून मी 'एमए'. त्यांच्या लेखी ते माझं नावच आहे.

ताई फार समजूतदार होत्या. शेवटी पाठीवर झोपायची वेळ आली की निम्म्या बायका बसून राहायच्या. ताईंनी कुणाला आग्रह केला नाही. "स्कॅनचं टेबल आठवतं ना? मग बसूनच डोळे उघडे ठेवा," म्हणायच्या. पोटावर हात ठेवून हळू श्वास घ्यायला त्यांनी शिकवलं. मावशीचा कपडा जळायचा थांबला. पण संस्थेचं काम संपलं आणि ताईंची बदली झाली. जाताना त्या चटया ठेवून गेल्या. कंडक्टरबाईंना म्हणाल्या, "वर्ग तुम्ही घ्या. तुम्हाला माणसं सांभाळायची सवय आहे."

"घेते की. गाडी डेपोत ठेवून गंजवायची का?"

पहिला वर्ग त्यांनी झोकात सुरू केला. हात वर चढवायचे तर टायरच्या कप्प्यांना धरून. "खालची दांडी धरा. आता मधली. वरची मिळतेय का? नाही? पुढच्या स्टॉपला मिळेल." एका पायावर उभं राहायचं तर, "वळण आलंय, सांभाळा." बायका हसत होत्या. ऑपरेशनच्या बाजूचे आखडलेले खांदे न कळत वर चालले होते.

मग सगळ्या बसल्या. बाईंनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "श्वास घ्या. रोखून धरा."

आवाज त्यांचा नव्हता. सपाट होता. शब्दही ताईंचे नव्हते. ते दवाखान्यातल्या स्कॅनच्या मशीनचे होते. त्या खोलीतल्या प्रत्येक बाईनं ते त्या टेबलावर झोपून ऐकले होते. सगळ्यांनी एकदम श्वास रोखला. कुणी हलेना. मी बाईंकडे पाहिलं. त्यांचाही श्वास अडकला होता. 'सोडा' हा शब्द त्यांच्या तोंडून निघेना. शेजारची एक जण लाल झाली. शेवटी मावशी ओरडली, "अगं बये, सोड की आता! की इथेच मारतेस सगळ्यांना?"

सगळ्यांचे श्वास एकदम सुटले. आधी कुणीतरी रडलं, मग कुणीतरी हसलं, आणि मग हसणं थांबेचना. एकीला उचकी लागली. कंडक्टरबाई मात्र कप्प्याची दांडी धरून उभ्या होत्या.

त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा सांगितलं. त्यांच्या पहिल्या स्कॅनच्या वेळी मशीन म्हणालं, रोखून धरा. आणि वीज गेली. अंधार. आवाज बंद. 'सोडा' कुणी म्हणालंच नाही. "घंटा मिळाल्याशिवाय गाडी सोडायची नाही, हे माझ्या अंगात भिनलेलं. मी थांबले. डोळ्यांपुढे काजवे चमकले तरी थांबले. बाहेर त्यांची धावपळ चाललेली. मला वाटलं, विसरले मला." तेव्हापासून त्या आपणहून कधी आडव्या झाल्या नव्हत्या. पाठ टेकली की श्वास अडकायचा.

"मग हे शब्दच नकोत," मावशी म्हणाली. "तू तुझे शब्द वापर की."

दुसऱ्या दिवसापासून वर्गात श्वास घ्यायचा झाला की बाई म्हणायच्या, "चढू द्या." मग, "थांबा जरा, एक आजी येतायत." मग, "उतरू द्या. सावकाश. घाई नाही, शेवटचा स्टॉप आहे." आजी कधी काठी घेऊन यायच्या, कधी पिशवी विसरायच्या. थांबायचा वेळ आजींवर ठरायचा. एक एक करत बायका पाठीवर झोपायला लागल्या. मावशी तर घोरायलाच लागली. बाई उभ्याच. "कंडक्टर चालत्या गाडीत झोपला तर कसं व्हायचं?" असं म्हणून विषय संपवायच्या.

पण त्यांचा डावा खांदा दुखायला लागला. रोज जास्त. डॉक्टर म्हणाले, स्कॅन केल्याशिवाय काही सांगता यायचं नाही. आजार परत आला असेल तर लवकर कळायला हवं. तारीख मिळाली. बाईंनी ती पुढे ढकलली. पुन्हा मिळाली, पुन्हा ढकलली. एकदा पाहुणे, एकदा सर्दी.

ड्रायव्हरकाका मला जिन्यात भेटले. इतकं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "तू सांग तिला. माझं ऐकत नाही. तिला मशीनची भीती आहे, आणि मला—" ते जिन्याचा कठडा धरून उभे राहिले. धरायला काहीतरी लागतं, हे त्यांनाही माहीत होतं.

मी सांगितलं नाही. मावशीनं सांगितलं, वर्गात, सगळ्यांसमोर.

"आम्हाला झोपवतेस आणि स्वतः उभी. फुकटची शहाणी."

"मला जमत नाही गं."

"मग आम्हाला जमवलंस ते काय गाढवं म्हणून?"

बाईंनी चटई ओढली. बसल्या. मग कोपरावर टेकल्या. पुरती पाठ काही टेकेना. मावशी त्यांच्या डोक्याशी मांडी घालून बसली आणि त्यांच्याच सुरात म्हणाली, "चढू द्या. दारात गर्दी नको." बाईंची पाठ टेकली. लगेच उठल्या. घाम फुटला होता. पण टेकली होती. पुढचे काही दिवस हाच कार्यक्रम. कंडक्टर खाली, प्रवासी घंटा देणार. आजींना कधी लवकर चढवायचं, कधी रखडवायचं, हे मावशीला फार छान जमलं.

स्कॅनच्या दिवशी काका, मावशी आणि मी बरोबर गेलो. खोलीच्या दाराबाहेर बाई थांबल्या. आतला मुलगा तरुण होता, चष्मेवाला. बाईंनी त्याला विचारलं, "ते मशीन बोलतं ना? त्याला गप्प करता येतं?"

"येतं. पण मग सूचना मला माइकवरून द्याव्या लागतील."

"द्या की. पण मी सांगते ते शब्द बोलायचे. चढू द्या, थांबा, उतरू द्या."

तो आमच्याकडे बघायला लागला. मावशी म्हणाली, "आणि थांबा म्हणताना आजी येतायत म्हणायचं. विसरू नकोस, बाळा."

"कुणाच्या आजी?"

"कुणाच्याही. तुझी आण."

दार लागलं. आम्ही काचेमागे त्याच्या शेजारी उभे. तो आधी लाजला. घसा खाकरला. मग माइकवर म्हणाला, "चढू द्या." टेबल सरकलं. "थांबा... माझी आजी येतेय. तिचा गुडघा दुखतो." काचेतून मला बाईंचे फक्त पाय दिसत होते. पायांची बोटं आखडली होती. "आली. बसली. उतरू द्या." बोटं सुटली.

टेबलावर पडल्या पडल्या बाई हसायला लागल्या. तो माइकवर म्हणाला, "बाई, हसू नका, फोटो हलतो."

रिपोर्ट आला तेव्हा काकांनी तो उलटा धरला होता. सुलटा करून मी वाचला. आजार परतला नव्हता. खांदा नुसताच आखडला होता. रात्र रात्र खुर्चीत बसून झोपणाऱ्याचा आखडणारच, असं डॉक्टर म्हणाले. काकांनी रिपोर्ट घेतला, त्याची लांबट घडी घातली आणि बोटांच्या बेचक्यात खोचली. मग ते दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसले आणि मोठ्यानं हसले. काकांना हसताना आवाज येतो, हे मला तेव्हा कळलं. मी नुसती उभी राहिले.

"काय गं एमए, वाचा बसली?" बाई म्हणाल्या.

परतताना बसमध्ये त्या चक्क खिडकीशी बसल्या. म्हणाल्या, "त्या टेबलावरून वर बघायला काही नाही गं. नुसतं पांढरं. आपल्याकडे तर छतावर ओलीचे डाग. बायकांनी काय बघायचं?"

दुसऱ्याच दिवशी त्यांनी निळा रंग आणला. शिडी डेपोतून. दुखऱ्या हातानं रंगवायला काकांनी मनाई केली, म्हणून उजव्यानं सुरू केलं. निम्मं छत झालं आणि फोन वाजला. चष्मेवाला मुलगा. "एक बाई टेबलावर चढायलाच तयार नाहीत. रडतायत. तुम्ही येता का?"

बाई शिडीवरून उतरल्या. कोपरापर्यंत निळ्या. तशाच गेल्या. त्यानंतर दुसरा फोन आला, मग तिसरा. आता त्या सकाळी दवाखान्यात असतात आणि संध्याकाळी वर्गात. छत 'उद्या' होणार आहे. ब्रश डब्यातच वाळून दगड झालाय. मध्यंतरी काका शिडीवर चढले, तर बाईंनी त्यांना खाली उतरवलं. "कंडक्टरच्या कामात ड्रायव्हरनं हात घालायचा नाही."

त्यामुळे पाठीवर पडलं की निम्म्या बायकांच्या वाट्याला निळं येतं आणि निम्म्यांच्या वाट्याला डाग. जागेवरून रोज भांडणं होतात. मावशी हल्ली दुकान लवकर बंद करून येते आणि निळ्याखाली रुमाल टाकून जागा धरते.