वहीत न लिहिलेली ओळ

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी ऑफिसातल्या एसीच्या कुरबुरीसुद्धा सांगतो. तुला सांगतोय, कारण तू मिलिंदला ओळखत नाहीस.

मिलिंद आणि मी परळच्या एका टॉवरमध्ये कंपनीचे सर्व्हर सांभाळायचो. दोघांत एकच ॲडमिन लॉगिन — म्हणजे कुणी काय केलं, ते मशीनला कळायचं नाही. म्हणून सर्व्हरच्या खोलीत, दारामागे एक वही टांगलेली. सर्व्हरला हात लावला की लिहायचं: काय बदललं, कधी, खाली सही. मिलिंद साधं रीस्टार्टसुद्धा लिहायचा. मी — आठवलं तर.

कुठल्या कॉम्प्युटरवर काय दिसावं, याचे नियम मुख्य सर्व्हरवर असतात. आम्ही त्यांना पॉलिसी म्हणतो. एका दुपारी मला एक पॉलिसी एकाच विभागापुरती ठेवायची होती. मी त्या विभागातल्या माणसांची नावं ठेवली आणि बाकी सगळ्यांना यादीतून काढलं. त्याबरोबर कॉम्प्युटरांचा ती पॉलिसी वाचायचा हक्कही जातो, हे मला ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक नाही, हे कबूल करायची तरी कुठे सवय होती? वहीत न लिहिता चहाला गेलो.

दुसऱ्या दिवशी नेमका तोच विभाग अडकला. फोल्डर दिसेनात, प्रिंटर दिसेनात, तपासायला गेलं की ‘ॲक्सेस डिनाइड’. साहेबांनी वही उघडली. शेवटची नोंद मिलिंदची — आदल्या सकाळी त्याने एका फोल्डरची परवानगी बदलली होती, वेळेसकट, सुवाच्य अक्षरात. लिहिणारा एकटाच तर सापडणार ना?

चूक माझी आहे, हे मला अकराच्या सुमारास कळलं होतं. मिलिंद शेजारी बसून आपलीच नोंद उलटसुलट तपासत होता. जेवायची वेळ टळली तरी डबा तसाच. साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं, तेवढ्यात मी वाचायची परवानगी परत दिली. दोन मिनिटांचं काम. तो आल्यावर म्हटलं, आपोआप सुरू झालं वाटतं.

“माझंच काहीतरी चुकलं असणार रे,” तो म्हणाला. “सापडत नाही, एवढंच.”

तिथे बोलायला काय लागत होतं? एक वाक्य. मी मिठाची गुळणी धरून बसलो. भीती होती, हो — पण भीतीच्या खाली थोडं बरंही वाटलं होतं. हेड व्हायची पाळी त्याची होती.

त्याला सर्व्हरवरून काढून प्रिंटरच्या कामाला लावलं. चोर सोडून संन्याशाला फाशी — आणि चोर हेड झाला. वर्षभरात मिलिंद नोकरी सोडून गेला. त्याच्या घरची जवळ्याची चटणी तो न विचारता माझ्या डब्याच्या झाकणात वाढायचा. आता त्या खोलीत मी एकटाच जेवतो. फार एकटं वाटतं. कुणाकडे तक्रार करू?

तो चिंचपोकळीलाच राहतो, छोट्या ऑफिसांची कामं घेतो. काही बदलायचं असलं की आधी मला फोन करतो — अजून. “एकदा बघून दे ना, माझा माझ्यावर भरवसा नाही.” मी बघतो. परवाही बघितलं. कुठेही चूक नव्हती, कधीच नसते. “ठीक आहे, कर,” म्हणालो, आणि त्याने माझे आभार मानले.