बायनाबाईचा अबरी कागद

भर दुपारी ज्या घराचं दार लागलेलं असतं, तिथं काहीतरी पाणी मुरतंय, असं गोजरबाईचं ठाम मत होतं. आणि राजूरला तिच्या शेजारच्या बायनाबाईचं दार रोज दुपारी लागलेलं असायचं.

बायनाबाई धनगराची लेक. नवरा राधाकिसन जालन्याला एका जिल्दसाजाकडं पोथ्या-किताबांची बांधणी करायचा. तो पटकीनं गेला, तशी ती माहेरी आली. सोबत एक ट्रंक, पत्र्याचं पसरट तबक अन् कोऱ्या कागदांचे गठ्ठे.

तिचं काही ना काही गोजरबाईच्या डोळ्यांत खुपायचं. एकटीला पायलीभर मेथीदाणे कशाला? घरात मटण शिजत न्हाई, मंग खाटकाकडून बकऱ्याचं पित्त द्रोणात झाकून कशाला आणते?

एकदा तिनं विचारलंच. "बायना, दार लावून काय करून राह्यलीस गं?"

"अबरी कागद रंगवून राह्यले, माय, पोथीच्या जिल्दीत लावतात तो. मेथीच्या बुळबुळीत पाण्यावर रंग तरंगवायचा. वारा आला की विस्कटतो, धूळ बसली की बिघडतो."

"अन् पित्त?"

"त्याच्या थेंबानं रंग पसरतो, बुडत न्हाई."

गोजरबाईला बिलकुल पटलं न्हाई. त्याच आठवड्यात तिची म्हैस आटली. ही करणीच, असं तिनं मनाशी पक्कं केलं.

सत्तेचाळीस सालचा हिवाळा होता. निजाम सरकारविरुद्धची पत्रकं चावडीच्या भिंतीवर चिकटवलेली सापडली होती. गावात कोणी कोणाशी मोकळं बोलत नव्हतं. अशात गोजरबाई पोलीस पाटील काकासाहेबांना हळूच म्हणाली, "बायनाकडं कागदाचे गठ्ठे हायेत. दार लावून काय करते, देव जाणे."

त्याच दुपारी पोलिसांचा जमादार आला. दार लाथेनं उघडलं, ट्रंक पालथी केली. गोजरबाई कुडाच्या फटीतून पाहत होती.

"छापती क्या? बोल जल्दी!" म्हणत त्यानं बायनाबाईच्या मनगटावर काठी मारली.

डाव्या हातानं बायनाबाईनं तबकातल्या मेथीच्या पाण्यावर नीळ शिंपडली, गेरू शिंपडला, बाभळीच्या काट्यांची फणी फिरवली. तुरटी लावलेला कागद अलगद टेकवला अन् उचलला. मोराच्या पिसाऱ्यासारखे डोळे कागदभर उमटले होते.

जमादारानं तो कागद उजेडाकडं धरला. "हमारे अब्बा की किताब में ऐसाच कागद था," म्हणाला. गोजरबाईला वाटलं, आता जाईल. पण जाताना कोऱ्या कागदांचे सगळे गठ्ठे त्यानं जप्त करून नेले.

त्यानंतर बायनाबाईनं गोजरबाईकडून येणारं कालवण घेणं बंद केलं. भरलेली वाटी तशीच परत यायची. विहिरीवर ती एकेकीचं तोंड निरखायची. गोजरबाई मान खाली घालून पाणी शेंदायची. हिला कळलं असेल का?

महिन्यानं जालन्याच्या जिल्दसाजाकडून नवे कागद आले. बायनाबाईच्या मनगटाची सूज उतरली नव्हती. तिनं गोजरबाईला हाक मारली. "दोन हात पाहिजेत. ये."

गोजरबाई आत गेली. पहिल्यांदाच. दार लागलं.

"जमादाराला कुणी सांगितलं असेल गं?" बायनाबाईनं तबकावरची नजर न हलवता विचारलं.

"मला काय ठावं, बाई."

बायनाबाईनं कोरा कागद तबकावर आडवा धरला. मंग म्हणाली, "धर तो कोपरा. सांगेन तवाच सोड."

पुढं कितीतरी वर्षं गोजरबाई तिच्यासमोर कोपरा धरून उभी राहिली. पण बायनाबाईची नजर कागदावर कमी, गोजरबाईच्या हातांवरच जास्त असायची.