खंडेनवमीचा सर्व्हर

कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबची मी इन्चार्ज होते, आणि दुपार कलली की माझा भाव वधारायचा. सगळ्या लॅबला मिळून टेलिफोनची एकच लाइन. मध्ये प्रॉक्सी सर्व्हर. एकदा उघडलेलं पान तो स्वतःजवळ साठवायचा आणि पुन्हा कुणी मागितलं की तिथूनच द्यायचा. पण त्याची मेमरी सकाळपासून फुगत जायची आणि दुपारी सगळं ठप्प. मग कुणीतरी स्टाफरूमच्या दारात येऊन सांगायचं, "मॅडम, नेट बसलं बगा." मी चहा तसाच टाकून उठायचे, सर्व्हर बंद करून चालू करायचे. प्राचार्य म्हणायचे, मॅडम नसतील तर आपलं काही खरं नाही. मला ते ऐकायला फार आवडायचं.

मेमरी का फुगते, असं विचारलं की मी पोरांवर ढकलायचे. नट्यांचे फोटो उघडतात, दुसरं काय.

मग कबनूरची एक मुलगी लेक्चरर म्हणून आली. घरात यंत्रमाग, त्यामुळे आवाज खडखडाटाच्या वर जाणारा. पहिल्याच आठवड्यात प्राचार्य तिचं मत विचारायला लागले आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. तिनं सर्व्हरकडे नुसतं पाहिलं तरी माझं डोकं फिरायचं. मेमरीचं काय, असं तिनं विचारलं तेव्हा मी म्हटलं, आधी रुळा, मग बघू.

खंडेनवमीला लॅबमध्ये पूजा असायची. त्या दिवशी हत्याराला विश्रांती, म्हणून पोरांना सुट्टी आणि मशीनं बंद. सर्व्हर तेवढा मी पूजेपुरता बंद ठेवून आरतीनंतर मानानं चालू करायचे. त्या वर्षी मी भांडून मोठी हार्ड डिस्क आणवली होती आणि अख्खी डिस्क पानं साठवायला देऊन टाकली होती. हात आखडता घेणं आम्हाला जमत नाही. हळदकुंकूही तिच्यावर जरा जास्तच वाहिलं.

आरतीनंतर मी सर्व्हर चालू केला. पेढे वाटताना त्या मुलीचं लक्ष त्याच्या स्क्रीनवर होतं. मेमरीचा आकडा चढत होता.

"मॅडम, पोरं तर घरी हाईत की. मग मेमरी कोण खातंय?"

सगळे वळले. त्याच क्षणी मलाही उमगलं होतं. चालू झाला की डिस्कवर साठवलेल्या प्रत्येक पानाची नोंद सर्व्हर पुन्हा मेमरीत भरत होता. डिस्क जितकी भरेल, तितकी मेमरी जाणार. पण तोंड तिनं आधी उघडलं. प्राचार्य तिला म्हणाले, दसरा झाला की सर्व्हर तुम्हीच बघा.

तिनं साठवायची जागा पार कमी केली आणि सर्व्हर पुन्हा बसला नाही. कुणी तिचं कौतुक केलं की मी म्हणायचे, पूजा लागू पडली.

दुपारी मी दाराकडे तोंड करूनच बसायचे. कुणी यायचं नाही. चहा आता शेवटच्या घोटापर्यंत गरम मिळायचा.