‘विचारलं’चा रकाना

कुठलीही फाइल पुसण्याआधी गावंडे काका चष्मा कपाळावर चढवून तिच्या मालकाला फोन लावत. आवाज असा की अकोल्यापर्यंत फोनची गरजच पडू नये. “हालो, अमरावतीवरून गावंडे बोलून राहिलो. तुमच्या फायली दोन सालापासून पडून हायेत. लागतेत का मिटवू?” उत्तर मिळालं की वहीतल्या ‘विचारलं’ या रकान्यात टिक, आणि मगच कीबोर्डला हात.

आमच्या केंद्रात अमरावती आणि अकोल्याच्या महाविद्यालयांतले संगणक जोडून ग्रिड केलेली आहे. संशोधकांची मोठी गणितं अनेक यंत्रांत वाटून सोडवायची आणि उत्तरांची एकेक प्रत दोन्ही गावांतल्या डिस्कवर ठेवायची. जागा सतत भरत असे. ती रिकामी करणं काकांकडे होतं. ते निवृत्तीला आले, तेव्हा मी त्यांच्या हाताखाली रुजू झाले.

मी इंग्रजी शाळेत शिकलेली. घरी मराठीच, पण अनोळखी माणसाला फोन करायचा म्हटलं की वाक्य आधी मनात जुळवावं लागे, आणि ते जुळेपर्यंत समोरचा “हॅलो, हॅलो” करू लागे. एकदा एका प्राध्यापकांना मी विचारलं, “एकोणसत्तर म्हणजे नक्की किती?” ते इतके हसले की फोन कानापासून लांब धरावा लागला.

म्हणून मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. दोन वर्षांत न उघडलेल्या सगळ्या फाइलींची यादी क्षणात समोर. काकांनी ती कौतुकाने पाहिली. “मस्त केलं पोरी. पण झोपेल फाईल कोणती अन् मरेल फाईल कोणती, यातला फरक मशीनले समजत नाई. फोन करा लागते.”

यादीत चाळीसेक नावं होती. मी दोघांना फोन केले. दुसरा हसला. उरलेल्या सगळ्या नावांपुढे मी खाली मान घालून टिक करत गेले आणि फाइली पुसल्या, दोन्ही गावांतल्या.

आठवड्याने अकोल्याहून तायडे मॅडमचा फोन आला. बाळंतपण, मग बाळाचं आजारपण, यांत त्यांची दोन वर्षं गेली होती. कामावर परतून त्यांनी फोल्डर उघडलं तर ते रिकामं. काळ्या जमिनीतल्या ओलाव्याचं चार हंगामांचं गणित, त्यांचा सगळा प्रबंध, त्यात होता. त्या जागेवर एव्हाना दुसऱ्यांच्या फाइली लिहिल्या गेल्या होत्या.

काकांनी वही उघडली. मॅडमच्या नावापुढे माझी टिक होती. त्यांनी शेजारचा नंबर पाहिला.

“हा तं कवाचाच बंद हाय,” ते हळू म्हणाले. “नवा माह्या डायरीत हाय. इथं उतरवाचा राहून गेला.”

मी खरंच फोन केला असता तर तो लागलाच नसता, आणि मी नवा नंबर विचारायला त्यांच्याकडे गेले असते. दोघांनाही ते कळलं. काकांनी वही मिटली.

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने अकोल्याला निघालो. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा त्यांनी विचारलं, “फोन काहून नाई केला?”

“लाज वाटते, काका. लोक हसतात.”

“हसू दे ना बाप्पा! हसल्यानं कोणाची फाईल जाते काय?” मग भुईमुगाच्या शेंगांची पुडी माझ्यापुढे धरली.

तायडे मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, “एकदा विचारलं असतं तं?”

“चूक माही हाय, मॅडम,” काका म्हणाले. “नंबर म्या बदलला नाई. या पोरीचा काई दोष नाई.”

माझं वाक्य मनात जुळलेलं होतं. तीनच शब्द होते. मी टेबलाच्या काचेखालचा बाळाचा फोटो पाहत राहिले. मॅडमनी मला पाणी दिलं आणि मी ते प्यायले.

दोन महिन्यांनी निरोपसमारंभात साहेब म्हणाले, “गावंडेंनी शेवटच्या ओव्हरमध्ये विकेट फेकली!” सगळे हसले, काकाही हसले. मी टाळ्या वाजवल्या.

आता वही माझ्याकडे आहे. मी प्रत्येकाला फोन करते. लोक अजून हसतात.

गेल्या महिन्याच्या यादीत काकांचंच नाव आलं. दोन वर्षं न उघडलेलं एक फोल्डर. मला जवळजवळ आनंद झाला. या निमित्ताने तरी त्यांच्याशी बोलता येईल, राहिलेलं सांगता येईल. फोन काकूंनी उचलला.

“ते तं दिवाळीच्या आदीच गेले, बाई. काय काम होतं?”

मी कसंबसं सांगितलं.

“त्याइच्या फायली? मले काय समजते त्यातलं! तुमाले लागत असतीन तं ठेवा.”

मी फोल्डर उघडलं. नाव होतं ‘तायडे मॅडम’. अकोल्याच्या डिस्कवरून खरवडून काढलेले फाइलींचे तुकडे, नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंत रोज एखाददुसरा जमवलेला. बहुतेक वाचता न येणारे. निवृत्त होईपर्यंत माझ्या शेजारच्याच टेबलावर बसून ते हे करत होते, आणि मला एका शब्दाने बोलले नव्हते.

काकांनी वहीत शेवटी उतरवलेला तायडे मॅडमचा नवा नंबर मी लावला. या वेळी वाक्य जुळवलं नाही.

“हॅलो,” मी म्हणाले, “अमरावतीवरून बोलते आहे. त्या दिवशी काकांबरोबर आलेली मुलगी. चूक माझी होती.”