डावीकडे ठेवलेल्या काकू

मंडळी, आज माझ्याच हुशारीने मला तोंडावर पाडलं.

सहकारनगरात घरातल्याच एका खोलीत माझा छोटा स्टुडिओ आहे. गेल्या आठवड्यात सत्तरीतले एक काका-काकू येऊन नातीच्या लग्नासाठी स्वतः रचलेल्या मंगलाष्टका गाऊन गेले. मी मिक्सिंगमध्ये जीव ओतला. रिव्हर्बचा घुमारा देऊन खोलीचं पार सभागृह केलं. वर स्टिरिओची हौस! हेडफोनच्या उजव्या कानात फक्त काका, डाव्या कानात फक्त काकू.

आज सकाळी दोघं ऐकायला आले. काकांना हेडफोन दिले. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला.

"अहो, हिचा आवाज काढून टाकलात की काय?"

मी वायर तपासली, पुन्हा लावलं. तेच.

शेवटी काकू म्हणाल्या, "यांचा डावा कान गेलाय. सांगायची लाज वाटते. बाकी, माझं ऐकू न येणं ही आमच्याकडे नवी बातमी नाही."

काका हसले. मला मात्र हसता येईना. मी दोन्ही आवाज मधोमध आणून पुन्हा लावलं. काकांनी डोळे मिटले आणि हळूच म्हणाले, "हां, आता आली ही."

ते गेले तेव्हा मी खिडकीत उभा होतो. फाटकाबाहेर पडताच काकू वळसा घालून काकांच्या उजव्या बाजूला गेल्या. तेव्हा आठवलं, सकाळी आल्या आल्या त्यांनी खुर्चीसुद्धा उजवीकडेच ओढून घेतली होती.

आवाज कुठे ठेवायचा हे मी कोर्स करून शिकलो. तुमच्या घरात ते न शिकताच कुणाला येतं?