डाळिंबी गाडीची आंघोळ

पौर्णिमेचा चंद्र सगळ्यांनाच दिसतो, पण परसू आप्पाला आधी त्याच्यावरचा डाग दिसतो, असं वडगावातली माणसं म्हणायची. उगाच म्हणत नव्हती. आप्पाच्या घरात दोन यंत्रमाग होते, पण त्याचं खरं नाव झालं ते साड्या तपासण्यात. शहापूरच्या एका व्यापाऱ्यानं त्याला त्याच कामावर ठेवलं होतं. विणकरानं घडी पुढं टाकली की आप्पा ती उलगडायचा, डोळे मिटायचा आणि कापडावरनं बोटं फिरवत म्हणायचा, "हितं सूत सुटलंय रं." की साडी परत. अशा परत गेलेल्या साड्या एकाला एक जोडल्या असत्या तर वडगावापासनं काकतीपर्यंत मांडव पडला असता, आणि त्याच्याखाली बसून आप्पाला शिव्या द्यायला माणसंही कमी पडली नसती.

असल्या माणसाच्या दारात कोरी करकरीत गाडी येऊन उभी राहिली.

गाडी त्याच्या लेकीची, नीलमची. ती खानापूरला सरकारी कचेरीत नोकरीला. आठवडाभर तिथंच खोली घेऊन राहायची, शनिवार-रविवार घरी यायची. स्वतःच्या पगारातनं तिनं डाळिंबी रंगाची गाडी घेतली, आणि खोलीपाशी लावायला जागा नाही म्हणून वडगावात आणून ठेवली. किल्ली बापाच्या हातात देताना तिनं अट घातली. "आप्पा, चालवा खुशाल. पण एक जरी ओरखडा दिसला तर किल्ली माझ्या पर्समध्ये. मग रुसायचं न्हाय."

"मला सांगतीस व्हय ओरखड्याचं?" आप्पा म्हणाला. त्याला हसूच आलं.

जन्मभर त्यानं सायकल मारली होती. साठीला टेकल्यावर लायसन काढलं. रोज संध्याकाळी माग थांबले की तो बायकोला, राजाबाईला, शेजारी बसवून येळ्ळूरच्या रस्त्यानं एक चक्कर मारून यायचा. लोकांना वाटायचं, म्हातारपणी चळ लागला. पण गोष्ट वेगळी होती. घरात दिवसभर मागांची खडखड. लग्न झाल्यापासनं नवराबायको एकमेकांशी ओरडूनच बोलत आले होते. चहा ठेवू का हे ओरडून, पोरीला ताप आलाय हेही ओरडून. गोडीगुलाबीचं काही ओरडून बोलता येत नाही, म्हणून ते राहूनच गेलं होतं. गाडीच्या काचा वर केल्या तशी सगळं शांत झालं. पहिल्याच दिवशी राजाबाई हळूच म्हणाली, "तुमचा आवाज असा हाय व्हय?" आप्पाला त्या वेळी फार बरं वाटलं, आणि तेव्हापासनं त्या किल्लीत त्याचा जीव अडकला.

मग दसऱ्याच्या तोंडावर व्हायचं तेच झालं. गल्लीत वळताना मागच्या डाव्या दाराला विजेचा खांब घासला. खांब आप्पाच्या लग्नाच्या आधीपासनं तिथं उभा होता, पण आप्पा खाली उतरून त्याच्याकडं असा बघायला लागला, की खांबच आत्ता कुठनं तरी चालत आलाय. दारावर वीतभर ओरखडा. दुसऱ्याच्या साडीतलं एक सूत न सोडणाऱ्या माणसानं इकडंतिकडं बघितलं, थुंकी लावून पुसून बघितलं, आणि गाडी नेऊन डाव्या अंगानं घराच्या भिंतीला लावली. इतकी लगटून, की मधनं मांजर जाईना.

पण भिंत किती दिवस साथ देणार? खंडेनवमी उद्यावर आली. त्या दिवशी वडगावात माग, धोटे, कात्र्या, सायकली, गाड्या सगळं धुऊनपुसून पूजेला लागतं. गाडी अंगणात मधोमध उभी करावी लागणार, नीलम चारी बाजूंनी हार घालणार, आणि घरातनं किल्ली जाणार. आप्पाला अन्न गोड लागेना.

अशात चहाच्या टपरीवर त्याच्या कानावर आलं, की काकतीच्या पुढं हायवेला गाड्या धुवायचं ऑटोमॅटिक मशीन बसलंय. "लई भारी हाय म्हणं," एक जण म्हणाला. "भारी कसलं? ह्येवढाले ब्रश अंगावर येत्यात. रंग खरवडून काढत्यात. मी तर माझी गाडी मेलो तरी घालणार न्हाय," दुसरा म्हणाला. बाकीच्यांनी मान हलवली. गावाला ज्याची धास्ती, त्याच्यात आप्पाला देव दिसला. मशीननं ओरखडा पाडला म्हटल्यावर नीलम काय करणार? चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची, एवढंच काम होतं.

"औंदा गाडी मशीनला घालूया," तो घरी येऊन म्हणाला.

राजाबाई वाद घालणार, असं त्यानं धरून ठेवलं होतं. गाडीला ओलं फडकं लावलं म्हणून त्यानं तिला कितीदा तरी फटकारलं होतं. पण ती लगेच म्हणाली, "घालूया की! मीबी येते." तिथंच आप्पाला संशय यायला हवा होता. पण गरजवंताला अक्कल नसते. निघताना राजाबाईनं बॉनेटवर हळदीकुंकवाचं सुपाएवढं स्वस्तिक काढलं. हे तिचं अलीकडं रोजचंच होतं.

"धुवाय न्यायची गाडी, आता कशाला गं?"

"नव्या गाडीला दिष्ट लागती," ती म्हणाली, आणि आणखी एक बोट हळद ओढली.

धुलाई केंद्राची मालकीण मंजुश्री. चाळिशीची, घरचं बोलणं कन्नड, पण मराठी आपल्यासारखीच फाडफाड. तिनं हार काढायला लावले, लिंबू-मिरची काढायला लावली. उजव्या आरशाला दृष्टीचा काळा दोरा होता, तो मात्र सुटेना. आप्पानं स्वतःच्या मागावरच्या सुतानं विणकराची गाठ मारली होती, आणि ती गाठ ब्रह्मदेवाला सुटत नाही. "ऱ्हाऊं द्या," आप्पा म्हणाला. मग मंजुश्रीनं मोबाईल काढला.

"हे कशाला?"

"व्हिडिओ अण्णा. आधी काय हुतं, मागनं काय झालं, भांडण नको."

मोबाईल डावीकडं वळला तसा आप्पा मागच्या दाराला पाठ लावून उभा राहिला. मंजुश्री दोन पावलं सरकली, तोही सरकला. "अण्णा, जरा बाजूला." "कंबर धरलीया ओ," म्हणून आप्पा आणखी रेलला. तिकडं राजाबाई बॉनेटवर हात पसरून उभी. "स्वस्तिक हाय, हात लावू नगासा." मंजुश्री म्हणाली, "अय्यो आक्का, मी व्हिडिओच घ्यायलेय." तिनं मागचा बंपर तेवढा निवांत टिपला आणि व्हिडिओ पाठवायला फोन नंबर विचारला. आप्पाला स्वतःचा नंबर कधीच आठवायचा नाही. राजाबाईला एकच नंबर तोंडपाठ होता, तो तिनं धडाधडा सांगितला.

दोघं आत बसले. काचा वर, गाडी न्यूट्रलला, ब्रेकला पाय लावायचा नाही. खालच्या पट्ट्यानं गाडी आपोआप पुढं सरकायला लागली. फेस आला, काचा पांढऱ्या झाल्या, आणि मग दोन्हीकडनं निळे ब्रश गरगरत अंगावर आले. आप्पाला वाटलं होतं, आता मजा बघायची. पण पहिला ब्रश दाराला लागला आणि तो सीटवरनं पुढं सरकला. लेकीची गाडी ती. सपासपा, सपासपा. ओरखडा पडावा म्हणून आलेला माणूस मनातल्या मनात देवाला म्हणायला लागला, की बाबा, आता पाडू नको.

तेवढ्यात उजव्या आरशाचा काळा दोरा ब्रशात अडकला. ब्रश फिरला तसा दोरा गुंडाळायला लागला, ताणला, आरसा कुरकुरला. सूत गुंडाळतंय म्हटल्यावर विणकराचा हात डोक्याला विचारत नाही.

"माग बंद करा!" आप्पा ओरडला, आणि बटण दाबून त्यानं काच खाली घेतली, दोऱ्याचं टोक धरायला.

टोक हाताला लागलं नाही. फेस मात्र बादलीनं आत आला. पाठोपाठ पाणी. पाठोपाठ ब्रशाचं एक निळं शेपूट आप्पाच्या तोंडावरनं फिरून गेलं. राजाबाई दसऱ्याच्या नव्या साडीत किंचाळली. बाहेर मंजुश्रीनं पळत जाऊन मशीन थांबवलं, दोरा कापला, काच वर करायला लावली आणि मशीन परत चालू केलं.

गाडी बाहेर आली ती लखलखीत. आप्पा बाहेर आला तो मिशीला फेस घेऊन. गाडीच्या पुढनं तो डाव्या दाराकडं निघाला, ठरलेली बोंब ठोकायला. आणि बॉनेटपाशी थबकला. स्वस्तिक धुऊन गेलं होतं, आणि त्याच्याखाली कोयरीसारखा वाकडा, ताजा ओरखडा. हा त्यानं जन्मात बघितला नव्हता. त्याला खराखुरा राग आला.

"बाई, हे काय केलं तुमच्या मशीननं? बॉनेट सोललं की!"

त्याच वेळी पलीकडनं राजाबाई ओरडली, "आणि हे दार? दाराचं वाटोळं केलं की ओ!"

"दार ऱ्हाऊं दे गं, बॉनेट बघ!"

"बॉनेटला काय झालंय? दार बघा आधी!"

दोघंही मनापासनं भांडत होते, आणि दोघंही अर्धे खरे होते. मंजुश्रीनं दोघांना बोलू दिलं. मग मोबाईल पुढं धरला. त्यात एक गृहस्थ दाराला चिकटून खेकड्यासारखा आडवा सरकत होता, आणि एक बाई बॉनेटवर अंडी उबवत असल्यागत हात पसरून उभी होती.

"अण्णा, कंबर बरोबर दारापाशीच धरली व्हय?" मंजुश्रीनं विचारलं. "आणि आक्का, स्वस्तिक जरा पुसून दाखवायचं हुतं की."

आप्पानं राजाबाईकडं बघितलं. राजाबाईनं आप्पाकडं. दोघंही गाडीत जाऊन बसले.

हायवेला लागल्यावर आप्पानं काचा वर केल्या. "बॉनेटला काय केलंस?" त्यानं हळूच विचारलं.

"तांदूळ वाळवाय परात ठेवलती. अंगणात ऊन तेवढंच तिथं येतंय. उचलताना जड झाली, वडली." मग जरा थांबून, "दाराला?"

"खांब."

"आपल्या गल्लीतला? तो तर कवाचा हाय."

"हाय न्हवं," आप्पा म्हणाला, आणि राजाबाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. तो पदर ओलाच होता. आप्पाही हसला, इतका की त्याला गाडी बाजूला घ्यावी लागली. पण हसू ओसरल्यावर दोघांनाही एकच गोष्ट आठवली. "किल्ली जाणार आता," राजाबाई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. मग दोघांनी ठरवलं, काहीही झालं तरी मशीनचंच नाव सांगायचं.

नीलम दारातच उभी होती, बसनं लवकर आलेली. आप्पानं तोंड उघडायच्या आत तिनं मोबाईल पुढं केला. राजाबाईला तोंडपाठ असलेला एकुलता एक नंबर लेकीचा होता, हे दोघांच्याही आत्ता ध्यानात आलं. पडद्यावर खेकडा परत एकदा दाराला धरून सरकत गेला.

"आप्पा, लोकांच्या साड्या परत केलासा जन्मभर," नीलम म्हणाली. "आणि आई, तूसुद्धा? एक ओरखडा म्हटलं होतं, दोन झाले. किल्ली आणा."

आप्पानं खिशात हात घातला. किल्ली काही बाहेर निघेना. जड पायानं तो गाडीच्या मागं गेला, एकदा तिच्यावरनं हात फिरवावा म्हणून. डोळे आपसूक मिटले. बोटं बंपरवरनं जाता जाता थांबली. परत मागं गेली. परत थांबली.

"हितं सूत सुटलंय गं," आप्पा म्हणाला.

नीलम एक पाऊल मागं सरकली.

आप्पानं डोळे उघडले, वाकून बघितलं. "रंग जुळलाय. पोत न्हाय. ह्यो कंपनीचा रंग न्हवं."

नीलमनं दोन्ही हात पाठीमागं नेले. राजाबाई साधी बाई, पण तिनं लेकीचा हात धरून पुढं ओढलाच. नखांवरचं नेलपॉलिश डाळिंबी होतं.

"मागच्या आयतवारी," नीलम खाली बघत म्हणाली. "मागं घेताना दगड लागला. मी म्हटलं, हे मशीनला गेलेत तर माझाबी त्यातच खपंल." व्हिडिओत बंपरवरचा तो लावलेला रंग सगळ्यात स्पष्ट दिसत होता, पण आईबापाला धरण्याच्या नादात तिनं तो पुढचा भाग बघितलाच नव्हता.

आता किल्ली कुणी कुणाकडं मागायची? शेवटी नीलमनंच ती घेतली आणि मागावर ठेवली. सकाळी धोटा, कात्री आणि किल्ली एकाच पाटावर पूजेला लागली. त्या दिवशी माग बंद, त्यामुळं घरात कुणाला ओरडावं लागत नव्हतं, तरी आप्पाचं सगळं लक्ष त्या पाटावर. पूजा झाली. नीलमनं प्रसादाबरोबर किल्ली उचलून बापाच्या हातावर ठेवली.

"घ्या. पण ओरखडा पडला तर सांगायचं. मीबी सांगीन."

आप्पानं किल्ली मुठीत घट्ट धरली आणि नाक वर ओढलं.

राजाबाई हळदीकुंकू घेऊन बाहेर गेली. तिनं एक स्वस्तिक बॉनेटवर काढलं, एक डाव्या मागच्या दारावर, आणि एक बंपरवर. समोरचा विणकर, ज्याच्या कितीतरी साड्या आप्पानं परत केल्या होत्या, दारात उभा राहून ते बघत होता.

"आप्पा, एका गाडीला तीन स्वस्तिकं?"

"घरात माणसं तीन हाइत रं," गाडीत बसलेला आप्पा म्हणाला, आणि काच वर केली.